चोरखिसा

६ जानेवारी

सुनेने तिच्या ऑफिसात वाटलेली डायरी मला आणून दिली. "आई, दिवसभर दुकानात एकट्याच असता, काहीतरी लिहीत जा," म्हणाली. एकटी कसली आलीये? मशीन आहे, रेडिओ आहे, आणि "उद्याच हवंय हो" म्हणत टेबलावर कापड टाकणाऱ्या बायकांना तोटा नाही. खाली शिवणाचं दुकान आणि वर घर, यातच माझा संसार झाला. पेन्सिल हातात धरली ती फक्त मापं लिहायला.

पण लिहायचंच तर खरं लिहीन. खोटं बोलायला गिऱ्हाइकं आहेतच.

परवा अंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, बोटांना काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. दुखत नाही, खुपत नाही. कापडाच्या ठाणात कुठे गाठ आली तर मला ती डोळ्यांनी शोधावी लागत नाही, कापडावरून हात फिरवला की कळते. तशीच कळली. हात काढून घेतला तो पुन्हा तिकडे नेलेला नाही.

माझ्या ताईचंही असंच सुरू झालं होतं. चांगली धडधाकट होती ताई. वर्षभर तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही, ते वर्ष सुखात गेलं. मग भाऊजींना कळलं, त्यांनी धरून डॉक्टरकडे नेलं आणि थंडी सरायच्या आत ती गेली. ती पायरी चढली नसती तर अजून चार वर्षं हसतखेळत काढली असती, असं माझं मत आहे. ते मी कुणाला सांगत नाही, कारण लोक वाद घालतात.

चहा ठेवते.

१६ जानेवारी

पोस्टबाई आज चेन बदलून घ्यायला आली. पोस्टाच्या खिडकीत बसून जन्म गेला, निवृत्त झाली, पण इकडची खबर तिकडे पोचवायचं काही सुटलं नाही. माझं तोंड बघून म्हणाली, "काय गं, एरंडेल प्यायल्यासारखी? चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"नाठी क्लबात."

साठी बुद्धी नाठी, म्हणून नाठी क्लब. साठी उलटलेल्या बायका दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतात आणि धुडगूस घालतात. मी म्हटलं, मला वेळ नाही. तिने मशीनचं बटण बंद केलं. पोस्टात बाईसाहेबांना कुणी नाही म्हटलं नसावं.

गेले. चौदा जणी होत्या. एक संगीत खुर्ची खेळताना दुसरीच्या मांडीवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. ती बारकी. नाव बारकी, वजन दोन माणसांचं. मधोमध लाल चष्मा लावून, गळ्यात शिट्टी अडकवून एक उंच बाई उभी होती. ती कॅप्टन. तलावावर मुलींना पोहायला शिकवायची, तिथली शिट्टी अजून गळ्यात आहे. क्लब तिनेच काढला.

"नियम एकच," कॅप्टन मला म्हणाली. "इथे दुखणं काढायचं नाही. गुडघा, साखर, पित्त, झोप, काही नाही. जी काढेल तिला दंड."

"दंड काय?"

"मधोमध उभं राहून नाचायचं. बाकीच्या टाळ्या वाजवणार."

एवढ्यात कुणीतरी "बाई गं, माझी कंबर" म्हणालीच. लगेच सगळ्या "दंड! दंड!" म्हणून ओरडल्या आणि ती बिचारी कमरेवर हात ठेवून ठुमकत एक फेरी मारून आली. मी म्हटलं, "कंबर दुखत होती ती हीच का? ही तर भाड्याने आणलेली दिसते." हॉल खदखदला. कॅप्टनने तिथल्या तिथे माझं नाव कात्री ठेवलं.

परत येताना इतकं हलकं वाटत होतं. या गावात ही एकच जागा आहे जिथे मला "तब्येत कशी आहे" असं कुणी विचारणार नाही. विचारायलाच बंदी आहे.

२९ जानेवारी

आहे. तेवढीच आहे. म्हणजे मी बघितलेलं नाही, पण तेवढीच असणार.

१३ फेब्रुवारी

गुरुवारची वाट बघते मी आता, शाळेतल्या पोरीने सुट्टीची बघावी तशी. बाकीचे दिवस कात्री चालवताना मधेच ते आठवतं आणि कापड वाकडं कापलं जातं. काल एका बाईच्या झग्याचा गळा असा खोल गेला की तिला म्हणावं लागलं, सध्या हीच फॅशन आहे. ती खूश होऊन गेली.

कॅप्टनचं मला कौतुक वाटतं. केवढी ऐट! नाचतानासुद्धा उजवा हात वर उंच, डावा खिशात. पर्स कायम उजव्या खांद्याला. कुणी मिठी मारायला गेलं की अशी तिरकी होते आणि खांद्याला खांदा लावून मोकळी. पोस्टबाईने विचारलं, "तलावावर जात नाहीस का गं आता?" तर म्हणाली, "पाण्याचा कंटाळा आला." जन्म पाण्यात गेला, येणारच कंटाळा. मला नाही का कधीकधी सुई नकोशी होते?

आज पोस्टबाईचं काम होतं म्हणून मी आणि कॅप्टन दोघीच चालत आलो. मला तिला सांगावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं. मग म्हटलं, दंड होईल. आणि मनातल्या मनात सुटले.

२७ फेब्रुवारी

आज क्लबात भलतंच झालं.

संगीत खुर्ची चालली होती. बारकी मधेच थांबून म्हणाली, "थांबा गं, डोळ्यांपुढे अंधारी येतेय." आणि आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायला लागलो. दंड! दंड! ती बिचारी हसली, पदोपदी हसणारी बाई ती, दोन पावलं नाचली आणि खाली बसली. आम्हाला वाटलं सोंग करतेय. मीच म्हणाले, "खुर्ची मोडू नये म्हणून जमिनीवर बसली बघा." तरी टाळ्या चालूच. मग तिचं डोकं एका बाजूला कललं आणि कॅप्टनची शिट्टी वाजली. अशी वाजली की वाचनालयातली माणसं जिने चढून वर आली.

साखर उतरली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टर आला, तासाभराने ती उठून बसली आणि पहिलं विचारलं, "माझी खुर्ची कुणी घेतली?" सगळ्या रडत हसल्या. मी नाही हसले. माझ्या कानांत अजून टाळ्या वाजत होत्या. एक बाई मरणाच्या दारात उभी होती आणि आम्ही ताल धरला होता.

मी कॅप्टनला म्हटलं, "हा नियम काढून टाक. एक दिवस कुणीतरी नाचता नाचता जाईल."

ती माझ्यावर उसळली. "नाही काढणार! दुखणं काढायला बाहेर अख्खं जग पडलंय. इथे दोन तास तरी मला कुणी..." आणि थांबली. 'आपल्याला' म्हणायचं असेल. मग शांतपणे म्हणाली, "बरं. यापुढे जिला खरंच काही होत असेल तिने हात वर करायचा. बोलायचं नाही, नुसता हात वर. टाळ्या बंद."

सगळ्यांनी मान डोलावली. माझा हात माझ्या मांडीवर होता. तो मी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

७ मार्च

वाटाणा म्हणता येणार नाही आता.

सून घिरट्या घालतेय. अंघोळीला वेळ लागला की दाराबाहेरून, "आई, बरं आहे ना?" उजव्या कुशीवरच का झोपता, म्हणून परवा विचारत होती. मी कशी झोपते ते हिला कसं कळलं? खोलीत डोकावते. मला तर वाटतं माझी खोली घ्यायचा काही बेत आहे नवरा-बायकोचा. आज फ्रिजवर कसलंसं पत्रक चिकटवलंय, बायकांच्या मोफत तपासणीचं. चांगलं आहे, तिचंही वय होतंय. मी त्याच्यावर भाजीची यादी लावली.

१३ मार्च

क्लबाचा मोठा दिवस एप्रिलमध्ये आहे. सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी करायचा आणि सगळ्यांची वयं मिळवून तो आकडा केकवर लिहायचा. यंदा हजाराला थोडंच कमी पडतंय. बारकी म्हणाली, "मी दोन वर्षं वाढवून सांगते, हजार पुरे करू." वय वाढवून सांगणाऱ्या बायका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या.

ठरलं असं की सगळ्यांनी एकसारखी जाकिटं घालायची. भडक नारिंगी, साटिनची. शिवणार कोण? कात्री.

आज हॉलमध्येच मापं घेतली. मला बरं वाटलं. टेप हातात असला की मी कुणाला भीत नाही. गिऱ्हाइकाला म्हणते तेच प्रत्येकीला म्हटलं, "सरळ उभी राहा. श्वास धरू नकोस." बायका टेप लागला की श्वास धरतात, पोट आत घेतात, आणि मग कपडा तंग झाला की दोष माझा. बारकीला टेप पुरेना तेव्हा पोस्टबाई म्हणाली, "दोन टपालात पाठव."

छातीचं माप घेताना प्रत्येक वेळी माझी बोटं जरा थांबत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही.

कॅप्टनने माप दिलं नाही. "माझं जुनं जाकीट आणून देते, त्यावरून काप," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, दोन मिनिटांचं काम." तर शिट्टी वाजवून खेळ सुरू केला. काही बायकांना टेपाची लाज वाटते, पण हिला वाटेल असं वाटलं नव्हतं.

१९ मार्च

कॅप्टनचं जाकीट आज उलटं करून बघितलं आणि हसूच आलं. डाव्या बाजूला आतून, छातीच्या जागी, मऊ सुती कापडाचा गोल खिसा शिवलाय! चोरखिसा! बाहेरून मागमूस नाही. शिवण अगदी नवशिक्याची, म्हणजे स्वतःच शिवलाय. वापरून वापरून कापड विरलंय. पैसे ठेवत असणार. बरोबर आहे, एकटी राहते, कुणाचा भरवसा?

पण युक्ती फक्कड. खिसेकापूची मजाल नाही तिथे हात घालायची. मला एकदम कल्पना सुचली: सगळ्यांच्याच जाकिटांना असा चोरखिसा लावायचा. आतून, डावीकडे, कुणाला न सांगता. मोठ्या दिवसाआधी उलटून दाखवला की कशा किंचाळतील!

संध्याकाळपर्यंत खिसेच कापत बसले. दिवसभरात मला त्या दुसऱ्या गोष्टीची आठवण झाली नाही. म्हणजे एकदाच झाली, माझ्या जाकिटाचा खिसा लावताना. तो कच्च्या दोऱ्याने टाचून ठेवला आणि बाजूला ठेवला.

३ एप्रिल

सगळं बिघडलं.

जाकिटं घेऊन गेले. बायका वेड्या झाल्या. नारिंगी रंगाने हॉल पेटला होता नुसता. मी म्हटलं, "थांबा, खरी गंमत आत आहे," आणि कॅप्टनचंच जाकीट घेऊन सगळ्यांसमोर उलटं केलं. "हा बघा चोरखिसा! प्रत्येकीला दिलाय. माझं डोकं नाही हो, कॅप्टनचं. तिच्या जुन्या जाकिटात सापडला."

सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. पोस्टबाई म्हणाली, "कॅप्टन, काय काय दडवलं होतंस गं तिथे?"

कॅप्टनच्या तोंडावरचा रंग उडाला. कापड उकळत्या पाण्यातून काढावं तसा उडाला. तिने माझ्या हातातून जाकीट ओढून घेतलं, उजव्या हाताने छातीशी धरलं आणि जिना उतरून निघून गेली. शिट्टी नाही, काही नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बारकीने हात वर केला आणि मग खाली घेतला.

मी काय केलं? एका बाईच्या पैशांची जागा चौदा जणींना सांगितली, एवढंच ना? एवढ्यासाठी कुणी असं जातं?

मला भीती वाटतेय. ती म्हणाली की कात्री नको, तर क्लब संपला माझा. मग गुरुवारी मी कुठे जाऊ? सगळे दिवस सारखे होतील. आणि सगळे दिवस मी आणि ते, दोघंच.

५ एप्रिल

फोन केला. उचलत नाही.

रात्री झोप नाही, दिवसा सुई दिसत नाही. बोट दोनदा टोचलं.

६ एप्रिल

आज दुपारी दुकानाचा पडदा बाजूला झाला आणि कॅप्टन आत आली. गळ्यात शिट्टी नव्हती. "दार लाव," म्हणाली. लावलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"साळसूदपणा नको, कात्री. सगळ्यांसमोर माझं जाकीट उलटं करून दाखवलंस."

"अगं, चोरखिसा ओळखायला मला कुणी कशाला सांगायला हवं? चुकलं माझं. तू पैसे कुठे ठेवतेस ते चारचौघांत बोलायला नको होतं. पण म्हणून..."

"पैसे?"

"मग काय, दागिने?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत. उठली, माझ्याकडे पाठ केली, गळ्यापाशी हात घातला आणि काहीतरी काढून माझ्या कापायच्या टेबलावर, खडूच्या डबीशेजारी ठेवलं.

लहानशी गोल उशी होती. एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. मी उचलली. आत बारीक दाणे भरले होते, वजनासाठी. शिवण वाकडीतिकडी, त्या खिशासारखीच. आणि अंगाची ऊब होती तिला.

"हे ठेवायला आहे तो खिसा," कॅप्टन म्हणाली.

जन्मभर बायकांची मापं घेतली मी. कुणाचा एक खांदा उतरता आहे, कुणाची पाठ वाकायला लागलीय, हे मला ती बाई दारातून आत येते तेव्हाच कळतं. आणि हे कळलं नाही. का कळूनच घेतलं नाही, देव जाणे.

"नऊ वर्षं झाली," ती सांगत होती. "डावा हात अजून नीट वर जात नाही. नाहीतर पाणी सोडलं असतं का मी? ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. घरात सगळे माझ्याशी असे हळू बोलायचे, जसं काही मी गेलेच आहे आणि चूक नको म्हणून खात्री करून घेताहेत. तेव्हाच ठरवलं, एक तरी जागा अशी हवी जिथे कुणी मला बिचारी म्हणणार नाही. म्हणून तो नियम. आता तुला कळलंच आहे तर तोंड बंद ठेव. कात्रीला जमेल का?"

"नाही बोलणार" म्हणायला मी तोंड उघडलं. शब्दच फुटेना. उशी माझ्या एका हातात होती. मी दुसरा हात वर केला.

कॅप्टनला आधी कळलं नाही. "काय गं? काय झालं?" मी हात वरच धरला, कोपर दुखायला लागलं तरी. मग तिचा चेहरा बदलला.

"कुठे?"

मी दाखवलं.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या या डायरीत लिहिण्यासारख्या नाहीत. तलावावर शिकलेल्या असणार. मी ताईचं सांगितलं, डॉक्टरकडे गेली आणि गेली म्हणून. तेव्हा मात्र ती हळू आवाजात म्हणाली, "वर्षभर थांबून गेली ना गं ती? मग डॉक्टरला का दोष देतेस?"

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. ताई गेल्यापासून ताईसाठी अशी रडले नव्हते. तिच्यासाठी रडत होते का स्वतःसाठी, कळत नव्हतं. कॅप्टनने या वेळी तिरकी मिठी मारली नाही. समोरून मारली, आणि एका बाजूने ती सपाट लागली.

"उद्या सकाळी," ती म्हणाली.

"मोठा दिवस तरी होऊ दे."

"उद्या सकाळी. आणि सुनेला आज."

त्याच दिवशी, रात्रीच्या जेवणानंतर

सुनेला सांगितलं. शब्द जुळवत बसले होते, पण तिने "गाठ" शब्द निघायच्या आतच माझा हात धरला. "मला माहीत होतं, आई. टॉवेल घ्यायला तुम्ही डावा हात उचलेनाशा झालात. विचारायची हिंमत होत नव्हती, तुम्ही लगेच टोचून बोलता. म्हणून ते पत्रक लावलं फ्रिजवर."

"मला वाटलं तुझ्यासाठी आहे."

"त्याच्यावर तुम्ही कोबी, बटाटे लिहून लावलंत."

दोघी हसलो. मग ती रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि मला वाटत होतं हिला खोली हवीय. माझ्या जिभेला कात्री म्हणतात ते बरोबर आहे, पण डोळ्यांना काय म्हणायचं?

७ एप्रिल

फोटो काढले, सुई घालून तुकडा घेतला. मी आयुष्यभर सुया टोचल्या, आज माझी पाळी. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. "केव्हा लक्षात आलं?" म्हणून विचारलं तर मी म्हटलं, "झाले पंधरा दिवस." मागून कॅप्टन खाकरली. मग खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावली नाही, नुसतं लिहून घेतलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

उत्तर यायला आठवडा लागेल. त्याच्या आधी मोठा दिवस.

१० एप्रिल

झाला मोठा दिवस. भीती पोटात ठेवून मी केक खाल्ला, एवढंच सांगते.

कॅप्टन येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. ती आली, नारिंगी जाकीट घालून, शिट्टीसकट. पोस्टबाईने लगेच विचारलं, "त्या दिवशी काय झालं गं तुला?" कॅप्टन म्हणाली, "माझी युक्ती चोरली म्हणून राग आला. बरं, आता प्रत्येकीने दाखवा, चोरखिशात काय आणलंय!"

आणि मग जी मजा झाली! पोस्टबाईच्या खिशातून गोळ्यांचा बटवा, कुणाच्या खिशातून गेलेल्या नवऱ्याचा फोटो ("इथे ठेवला की गप्प बसतो"), बारकीच्या खिशातून साखरेच्या वड्या, आणि एकीच्या खिशातून तर दातांची कवळी, ती केकसाठी वाचवून ठेवली होती. प्रत्येकीची डावी बाजू काही ना काही भरून फुगली होती. कोण कुठे कशाने भरलंय, कुणाला कळणं शक्य नव्हतं.

"आणि तुझ्यात, कॅप्टन?" बारकीने विचारलं.

"माझ्यात?" कॅप्टनने छातीवर थाप मारली. "गुपित."

सगळ्या ओरडल्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा जरा कमी घाबरलेली होते.

माझा खिसा रिकामा होता. काय ठेवावं, सुचलंच नाही.

१६ एप्रिल

तेच आहे.

डॉक्टरीणबाईने सगळं समजावून सांगितलं, सुनेने लिहून घेतलं. मला मधले शब्द ऐकू आले नाहीत. पसरलेलं दिसत नाही, असं म्हणाली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. डावी बाजू काढावी लागेल. मी थांबले नसते तर कदाचित थोडंच काढून भागलं असतं, असं तिने सरळ सांगितलं नाही, पण मला शिवणातलं कळतं. छोटी उसवण वेळेवर टाचली तर टाका पुरतो, नाहीतर पूर्ण बाही बदलावी लागते.

मुलगा रात्री माझ्या खोलीत येऊन नुसता बसला. जाताना मशीनला तेल घालून गेला.

मला मरायची भीती वाटते. हे कधी लिहिलं नव्हतं, लिहिते. मला खूप भीती वाटते.

१७ एप्रिल

क्लबात सांगितलं. मधोमध उभी राहिले आणि हात वर केला. टाळ्या बंद झाल्या. मी म्हटलं, "एकदाच दुखणं काढते, मग दंड घ्या." सांगून टाकलं. कॅप्टनचं काही बोलले नाही. बारकी हुंदके द्यायला लागली. मग कॅप्टनने दोन्ही हात पुढे धरून टाळी वाजवली, एकटीने. मग पोस्टबाईने. मग सगळ्यांनी, रडत रडत. मी नाचले. वाईट नाचले. मधेच गुडघा कचकन वाजला, पण ते मी सांगितलं नाही, दुसरा दंड कोण भरणार?

२३ एप्रिल

उद्या सकाळी जायचं. सुनेने पिशवी भरली, माझ्या नकळत तीत माझं जाकीटही घातलं.

संध्याकाळी कॅप्टन दुकानात आली. मी विचारलं, "तुझी ती उशी अजून वाकडीच राहू द्यायची का? बरी होऊन परत आले की नीट शिवून देईन. दोन शिवीन." ती जाकीट काढून सरळ उभी राहिली. पहिल्यांदा. मी टेप घेतला आणि तिचं माप घेतलं, दोन्ही बाजूंचं, जसं आहे तसं. डाव्या बाजूला आडवी शिवण आहे, पांढरी पडलेली. कुणी डॉक्टरने छान घातलीय, हे म्हणावं लागेल. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुला पसंत पडेल असं वाटलंच होतं."

मग तिने माझ्या हातातला टेप काढून घेतला.

"आता तुझं. उशी मापाची व्हायला हवी ना? आज आहे तोवर घेऊन ठेवू."

मी एवढ्या बायकांची मापं घेतली, माझं मात्र कुणी कधी घेतलं नव्हतं. माझे कपडे मी अंदाजानेच कापते. टेप गार लागला. डाव्या बाजूला आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"सरळ उभी राहा," कॅप्टन म्हणाली. "आणि श्वास धरू नकोस, कात्री."

मी सोडला.